दहा मिनिटांचे सिनेमे

दोन वर्षं मी एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. सिनेमांना तोटा नाही. रश्मीने, आमच्या लेकीने, टीव्हीवर सिनेमांचं ॲप लावून दिलंय, वर्गणीही दर वर्षी नागपूरहून तीच भरते. त्यात आयुष्य सरेल, पण सिनेमे सरणार नाहीत. तोटा आहे तो आमच्या ह्यांच्या धीराचा.

हे म्हणजे चंद्रशेखर, धान खरेदी केंद्रावरचे निवृत्त ग्रेडर. तीस वर्षं हेच काम. पोत्यात नळी खुपसून मूठभर धान काढायचं, तळहातावर चोळायचं, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि निकाल द्यायचा. माणूस नेकीचा, कोणाचा चहासुद्धा घेतला नाही. पण निवृत्त होऊन फुलचूरच्या घरात बसले, तेव्हा धान सुटलं आणि सिनेमे हाती लागले. दहा मिनिटं पाहायचं, "पोचट!" म्हणायचं आणि रिमोटने उलटा अंगठा दाबायचा. की लावला दुसरा.

"पुढे चांगला असंन," मी म्हणते.

"मुठीत पोचट निंगला, त पोत्यात वासाचा चिन्नोर धान भरला असते का?"

मी अंगणवाडी सेविका. दिवसभर पोरांची वजनं घ्यायची, गरोदर बायांच्या घरी जायचं आणि मग तेच सगळं मोबाइलात भरायचं. घरी आलं की स्वयंपाक आहेच. आठ वाजता पाय वर घेऊन बसते, तेव्हा मला चांगला सिनेमा नको असतो. कसलाही चालेल, सुरू झालेला संपायला हवा, एवढंच माझं मागणं.

एका सिनेमात माझ्याच वयाची एक बाई बॅग घेऊन डोंगरातल्या गावी बसमधून उतरली. घराला कुलूप होतं. तिने पर्समधून किल्ली काढली आणि ह्यांनी अंगठा दाबला. ती बाई मला आठ दिवस छळत राहिली. कोणाला टाकून आली होती? आत कोणी होतं का? परत गेली का? पोरांना खिचडी वाढतानाही डोक्यात तीच.

मग एका रविवारी हे सकाळच्या बसने देवरीला नात्यातल्या साक्षगंधाला गेले. माझे पाय दुखून राहिलेत, असं मी सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं. घर रिकामं झाल्यावर टीव्ही लावला, तर सिनेमा गायब. रश्मीला फोन केला.

"आई, बाबांनी नापसंत केला ना, म्हणून समोर येत नाही. नाव टाकून शोध."

नाव कोणाला माहीत? शेवटी तिनेच बाई कशी, गाव कसं, असं विचारून विचारून हुडकून दिला.

मी दार लावलं आणि दोन तास जागची हलले नाही. खरं सांगते, सिनेमा भिकार होता. बाई आत जाते, चहा करते, खिडकीत बसते. पुन्हा चहा करते. परत जाते की नाही, हेही धड सांगत नाहीत. तरी मी दोन अंगठे दिले, 'फारच आवडला' वाले. दोन वर्षांत त्या रिमोटने मी पहिल्यांदाच काही ठरवलं.

संध्याकाळी हे आले, हातपाय धुतले, टीव्ही लावला. पहिल्याच रांगेत सगळ्या तसल्याच उदास बाया.

"हे काऊन येऊन राहिले? तो पोचट सिनेमा कोनाले आवडला?"

"मले."

"खरंच?"

"नाही. पोचटच होता. पर शेवटपर्यंत पाहिला."

"मंग? म्या दहा मिनिटात सांगतलं होतं ना!" हे एकदम खूश.

ती खुशी पाहून माझं डोकं सणकलं. "मले पाहाले आले होते, तवा किती वेळ पाहिलं होतं?"

"पाच मिनिटं," हे ऐटीत म्हणाले. "पास केलं ना पन!"

"केलं. पोतं शिवलं, थप्पीले लावलं. त्याच्यानंतर एकदा तरी उघडून पाहिलं का?"

ह्यांना ते लागलं असावं. मलाही वाईट वाटलं, पण बोलून झालं होतं. त्यांनी कुठलातरी नवा सिनेमा लावला. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. अंगठा रिमोटवर तसाच. मग त्यांनी माझ्याकडे तोंड फिरवलं आणि चक्क विचारलं, "तुले पाहाचा आहे का पुढे?"

बत्तीस वर्षांच्या संसारात मला काय हवं, हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. या प्रश्नाची मी किती वाट पाहिली, ते माझं मलाच ठाऊक. पण मी पार दमले होते. डोळे उघडे राहत नव्हते.

"नाही," मी म्हणाले. "बंद करा. झोप येऊन राहिली."