कुणी बोलावलं?

प्रोग्रामचा वेळ कुठं जातो ते दाखवणाऱ्या प्रोफायलरचा आलेख तिनं भिंतीवरच्या पडद्यावर टाकला आणि ती बाजूला सरकली. मधोमध एक लालभडक पट्टी पसरली होती: सर्वांत जवळची रुग्णवाहिका शोधणारं फंक्शन, प्रोग्रामचा तेवढा तुकडा. त्याला कुणी बोलावलं हे जिथं दिसायला हवं, तिथं एकच शब्द होता, 'अज्ञात'.

"बघा, सगळा वेळ इथंच जातोय," नकाशाचा भाग लिहिणारा सहकारी म्हणाला. "हे शोधायचं काम करणारी तयार कोडची लायब्ररी जुनाट आहे. काढून टाकू, नवी आणू."

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात फोनवर माणूस रडत असायचा आणि ऑपरेटरसमोरचा पडदा गोठलेला असायचा. त्यामुळे थांबायला कुणीच तयार नव्हतं.

"वेळ तिथं जातोय, हे खरं," ती म्हणाली. "पण त्याला पुन्हापुन्हा बोलावतंय कोण?"

ती लायब्ररी तिच्या आईनं लिहिली होती, याच ऑफिसात, निवृत्त होण्याच्या कितीतरी आधी. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिचं प्रत्येक वाक्य मायेपोटी निघाल्यासारखं वाटलं असतं.

टीमचा प्रमुख चष्मा पुसत होता. त्याला पाठीमागे सगळे हेडमास्तर म्हणत.

"तुला काय हवंय?"

"फ्रेम पॉइंटर. आपल्याला कुणी बोलावलं, त्या मागच्या फंक्शनपर्यंत पोचायची खूण. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवताना कंपायलर वेगासाठी ती ठेवतच नाही. ती ठेवून सगळं पुन्हा कंपाइल करते."

"प्रोग्राम हळू होईल."

"किंचित. पण सध्या आपण चाचपडतोय, सर."

"शुक्रवारपर्यंत पुरावा आण. नाहीतर लायब्ररी जाईल."

पहिला प्रयत्न फसला. कॉल स्टॅक, म्हणजे कुणी कुणाला बोलावलं याची साखळी, लायब्ररीत शिरताच तुटत होती. आलेखात पुन्हा तोच 'अज्ञात'. त्या दिवशी घरी तिचा घास तोंडातच घोळत राहिला.

"तोंड का एवढंसं झालंय?" आईनं विचारलं.

"काही नाही गं. ऑफिसचं."

आईनं तिला आणखी भाजी वाढली.

सकाळी तोंड धुताना तिच्या डोक्यात उजेड पडला. तिनं कंपायलरचा पर्याय बदलला होता तो फक्त मुख्य प्रोग्रामसाठी. लायब्ररी स्वतंत्रपणे कंपाइल होत होती, जुन्याच पर्यायांनी. मधली एकच कडी गाळलेली असली, तरी त्यामागचं सगळं हरवणार. तिनं लायब्ररी, तिच्याखालच्या छोट्या लायब्रऱ्या, सगळं नव्यानं कंपाइल केलं.

या वेळी आलेख खालपासून वरपर्यंत सलग उभा राहिला. प्रोग्रामच्या पहिल्या फंक्शनपासून एकेक पायरी चढत तो लाल पट्टीपर्यंत गेला, आणि तिच्या लगेच खाली नाव होतं: नकाशावर गाड्यांना रंग देणारं फंक्शन. पडदा नव्यानं रंगवताना प्रत्येक वेळी, प्रत्येक गाडीसाठी, ते सगळ्या शहराचा शोध घ्यायला लावत होतं. बिचारी लायब्ररी निमूटपणे शोधत होती.

नकाशावाल्यानं उठून त्या नावावर बोट ठेवलं.

"माझंच आहे हे," तो म्हणाला. "एकदा शोधून उत्तर जपून ठेवलं तरी पुरेल."

जेवणाच्या सुट्टीआधी त्यानं ते केलंही. दुपारी नियंत्रण कक्षातून पर्यवेक्षक बाईंचा फोन आला. "काय केलंत हो? बोट लावायच्या आत गाडी दिसतेय!"

हेडमास्तरनं फोन ठेवला आणि तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"फ्रेम पॉइंटर आता कायमचे ठेवायचे. सगळीकडे."

"हो, सर." तिला हसू आवरेना. ताठ बसून तिनं ते लपवायचा प्रयत्न केला, तर ते आणखीच दिसलं.

तो निघाला, दोन पावलं जाऊन थांबला.

"ही लायब्ररी लिहिणाऱ्या बाईंनी मला पहिली नोकरी दिली. प्रोग्राम कसा वाचायचा, तेही त्यांनीच शिकवलं."

तिनं वर पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"डोळे अगदी त्यांचेच आहेत तुझे. हट्टही." त्यानं पुन्हा चष्मा काढून पुसायला घेतला. "आज घरी सगळं सांग त्यांना. फक्त मी लायब्ररी काढायला निघालो होतो, तेवढं सांगू नकोस."