साहेब नाही म्हणत नाहीत

फुलाबाईंनी पावट्याच्या शेंगा सोलता सोलता शुभ्राचा मोबाईल सुपाआड सरकवला. तो बोलणं टिपून घेतोय हे कळल्यापासून त्यांना त्याच्यासमोर अवघडल्यासारखं होत होतं.

मंत्री सोमनाथरावांच्या साठीनिमित्त गौरवग्रंथ निघत होता. त्यातलं बालपणाचं प्रकरण शुभ्राच्या वाट्याला आलं होतं. भोरमध्ये ती पंधरा जणांना भेटली आणि पंधराही जणांनी ‘साहेब कुणाला नाही म्हणत नाहीत’ हेच ऐकवलं. एवढ्या कौतुकानं तिचं डोकं उठलं. म्हणून ती विंझरला, साहेबांच्या मामाच्या शेजारणीकडे आली होती.

“लहानपणी कसे होते साहेब?”

“खादाड!” फुलाबाई हसल्या. “आई गेली तवा मामाकडं आला. मामी हात राखून वाढायची. मग भिताडावरनं हाक मारायचा, मावशे, भाकर हाय का? असली तर देयाची. नसली तर बिनआईच्या पोराला न्हाई कसं म्हनायचं, बाई? मी आपली म्हनायची, बघू.”

“मग?”

“मग काय! लई शाना. बघू म्हनलं की समजून जायचा. पानी पिऊन निजायचा.”

शुभ्राला त्या पोराचं वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर तिला आनंदही झाला. प्रकरण सापडलं होतं.

“अजून येतात का इकडे?”

“दिवाळीत आलता की. पाया पडला. वस्तीवरची शाळा बंद करनारेत, आमची नात सारिका दुसरीत हाय. म्या म्हनलं, सोमनाथा, तेवढी शाळा राहू दे. माझं दोन्ही हात धरून म्हनला, बघू मावशी.”

बोलून झालं आणि फुलाबाईंच्या हातातली शेंग अर्धीच सोललेली राहिली. शाळेसाठीचा अर्ज घेऊन वेल्ह्याला, तालुक्याच्या कचेरीत, निघालेल्या बायांना या दोन महिन्यांत त्यांनीच दोनदा परत फिरवलं होतं, सोमनाथ बघतोय म्हणून. त्यांना लाज वाटली, आणि सोमनाथचा रागही आला.

शुभ्रानं मोबाईल बंद केला.

फुलाबाई पदर झाडत उठल्या आणि दारातूनच शेजारणीला हाक मारली.

“रत्ना, त्यो अर्ज कुठंय? बायांना सांग, सकाळच्या यष्टीनं जायचं.”

“आता कशाला, आत्या? साहेबांनी सांगितलंय ना?”

“व्हय,” फुलाबाई म्हणाल्या. “न्हाई म्हनलाय त्यो.”