कळकलेली कढी

तांबट आळीत मी साठ वर्षं भांडी ठोकली आणि त्याहून जास्त थापा. भांडी आता कुणाकुणाच्या माळ्यावर पोचे येऊन पडली असतील, थापा मात्र अजून धडधाकट फिरतात. सगळ्यांत नावाजलेली अठराशे बहात्तरच्या पुरातली. गोदावरीला पूर आला, माझ्या हातचं घंगाळ वाहून गेलं आणि त्यात एक साधू बसलेला होता. पैठणापर्यंत गेला. तिथून घंगाळ आपोआप उलटं फिरलं आणि प्रवाहाविरुद्ध पोहत नाशकाला आलं, कारण त्याला आळीची ओढ. कुणी म्हणायचं, "भिमाआबा, बहात्तर साली तुम्ही सात वर्षांचे होता." मी म्हणायचो, "म्हणून तर घंगाळ लहान झालं. साधूला मांडी घालता आली नाही, बिचारा उकिडवा बसून आला."

लोक हसायचे. ऐकायचं, हसायचं आणि धोतर झटकून घरी जायचं, असा थापेचा रिवाज होता. एकोणीसशे सदतीस साली तो मोडला. आता माणसं थाप ऐकतात आणि मंडळ स्थापन करतात.

माझ्या ओट्यासमोर कडुनिंबाखाली इसाकची भट्टी होती. इसाक कल्हईवाला. मी भांडं घडवायचं आणि त्यानं आतून कथलाचा हात द्यायचा, असं आमचं तीस वर्षं चाललं होतं. भांडं निखाऱ्यावर तापलं की तो नवसागराची पांढरी पूड टाकायचा, भसकन धूर उठायचा, कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा फिरवला की पितळेत चांदणं पडायचं. आळीतल्या सोवळ्यातल्या बायकासुद्धा त्याच्याकडेच भांडी द्यायच्या. अग्नीतून निघालेल्याला विटाळ नाही, असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. नदीपलीकडे पंचवटीत देवळाच्या दारासमोर माणसं पाच वर्षं उभी राहिली आणि दार उघडलं नाही, पण स्वयंपाकघराचं दार इसाकच्या कल्हईला उघडं होतं. बाई आपली सोय पाहते. पुरुष सभा घेतात.

तर सदतीसच्या सुरुवातीला निवडणूक आली. ज्याच्या नावावर घर किंवा शेतसारा, किंवा जो मॅट्रिक, त्याला मत. आमच्या आळीत माणसं दीडशे आणि मतं एकोणीस. पण सभा दिवसाआड, आणि ज्यांना मत नव्हतं तेच जास्त घसा फोडायचे. किराणा दुकानवाला रंगनाथ हा आळी सुधारणा मंडळाचा चिटणीस आणि एका उमेदवाराचा उजवा हात. इसाकला मत नव्हतंच. असतं तरी ते मुसलमानांच्या वेगळ्या पेटीत पडलं असतं. आमच्या उमेदवाराशी त्याचं देणं ना घेणं.

भिका मात्र मतवाला. घर त्याच्या नावावर होतं. आई अक्काबाई आणि तो, दोघंच. हा भिका सकाळी एका पक्षाच्या मिरवणुकीत दिसायचा आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या. एकदा ओट्यावर पाचसात जण बसले असताना कुणीतरी विचारलं, "काय रे भिका, डोकं फिरलं का तुझं?"

माझी जीभ सळसळली. मी म्हटलं, "डोकं नाही फिरलं, पातेलं फिरलं. हा इसाक नवसागरात मंत्र घालतो. त्याच्या कल्हईच्या भांड्यात जेवलं की माणसाचं मन आतून गुळगुळीत होतं. जिकडं कलवाल तिकडं घसरतं."

सगळे हसले. समोर भाता ओढता ओढता इसाकही हसला. म्हणाला, "भिमाजीदादा, असं असतं तर माझ्या बायकोनं माझं एकदा तरी ऐकलं असतं. ती पण त्याच भांड्यात जेवते."

इथं ती थाप मरायला हवी होती. चांगली थाप संध्याकाळपर्यंत जगते.

पाचव्या दिवशी ती मला भाजीबाजारात भेटली. मेथी निवडणारा एक अनोळखी माणूस दुसऱ्याला सांगत होता, "तांबट आळीत एक कल्हईवाला आहे, भांड्याला पांढरी पूड लावतो. त्यातलं खाल्लं की हिंदू माणूस विरोधी पक्षाला मत देतो." मी थबकलो. माझंच लेकरू, पण दाढीमिशा फुटलेलं. मला ओळखही दाखवेना.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर रंगनाथचं भाषण झालं. "बंधूंनो, शत्रू वेशीवर नाही, आपल्या चुलीवर आहे. मी कुणाचं नाव घेत नाही." त्यानं नाव घेतलं नाही आणि सगळ्यांच्या माना कडुनिंबाकडे वळल्या.

मी त्याच्या दुकानात गेलो. "रंगनाथ, ती माझी थाप होती."

"माहीत आहे, आबा," तो गूळ फोडत म्हणाला.

"मग लोकांना सांग."

"लोकांना माहीत नाही ना. आणि मत लोकांना आहे." त्यानं गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. "तुम्ही गोष्ट फुकट सोडून दिलीत. मी उचलली. एवढं काय मनाला लावून घेता? निवडणूक झाली की विसरतील."

त्या दिवसापासून इसाकची भट्टी थंड पडली. कुणी भांडण केलं नाही, शिवी दिली नाही. नुसती भांडी यायची थांबली. माझ्या घरातलीसुद्धा. सून मालनबाई म्हणाली, "मामंजी, मला ठाऊक आहे खोटं आहे ते. पण शेजारणी पाहतात. सध्या मडक्यातच करते आमटी." एकट्या अक्काबाईनं भर दुपारी आपलं पातेलं डोक्यावर घेऊन आळीतून मिरवत नेलं आणि इसाकपुढं ठेवलं. "माझ्या पोराचं मन जन्मापासून घसरतं," ती म्हणाली, "त्यात तुझ्या कल्हईचा काय दोष? कर."

इसाकची बायको खातूनबी एकदा ओट्यापाशी येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर दातांत धरून म्हणाली, "दादा, मजाक तुमचा झाला आणि चूल आमची विझली."

रंगनाथचा उमेदवार निवडून आला. मंडळानं मारुतीच्या पटांगणात आळीजेवण ठरवलं. भात, बुंदी आणि कढी. आळीची दोन मोठी पितळी पातेली होती, दर वर्षी थंडी सरताना इसाक त्यांना कल्हई करायचा. यंदा करणार कोण? मंडळाच्या पोरांनी चिंच आणि राख लावून ती आतूनबाहेरून अशी घासली की सोन्यासारखी झळकायला लागली. उरलीसुरली कल्हईही त्यात निघून गेली. पोरं खूश. मी पातेल्यात डोकावलो. आत नुसतं पिवळं पितळ. त्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो. हिरवट पडतो, तोंडात तांब्याची तुरट चव येते आणि मग पोटातलं सगळं बाहेर येतं. आमच्या आळीत हे रांगणाऱ्या लेकरालाही माहीत होतं. पण त्या वर्षी चकाकेल ते स्वच्छ, असं सगळ्यांनी धरलं होतं.

माझं कुणी ऐकेना. म्हणून मी मोठा शहाणपणा केला. इसाकला बोलावलं. म्हटलं, तू कारागीर, तू सांग.

तो यायला तयार नव्हता. "दादा, मी तिथं दिसणं बरं नाही." मी हाताला धरून नेलं. सकाळची वेळ, चुली पेटायच्या होत्या. तो पातेल्यावर वाकला, आत बोट फिरवलं, नखानं टकटक केलं. "भात चालेल. कढी नको. मला दोन तास द्या, मागं नदीकाठी नेऊन करून आणतो. नाव सांगू नका कुणाला."

"कोण रे तो वाकलाय?" पलीकडून भिका ओरडला.

इसाक ताठ झाला, पंच्याला हात पुसले आणि निघून गेला.

रंगनाथनं कढीच करायला लावली. बारा वाजता उतरली. पण निवडून आलेले साहेब बाराला येणार होते ते आले चारला. निफाडला त्यांचा आणखी एक सत्कार होता. तोवर पंगत बसवायची नाही, असा हुकूम. चार तास कढी त्या सोन्यासारख्या पातेल्यात लोकशाहीची वाट पाहत राहिली. साहेब आले, हार घातले, म्हणाले की आता राज्य तुमचं आहे. आणि न जेवताच गेले, पोट बरं नाही म्हणून.

मी पंगतीतून फिरत होतो. "कढी घेऊ नका रे, कळकलीय." कुणी म्हणालं, "आबा, आता साधू कढीत पोहतोय का?" वाढणाराही हसला. अक्काबाईनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. भिका मंडळाचं उपरणं गळ्यात घालून वाढत होता. लेकाच्या हातचं टाकायचं कसं, म्हणून म्हातारीनं वाटी संपवली.

दिवेलागणीच्या आत आळी ओकायला लागली. गटारीच्या कडेनं माणसं ओळीनं बसली होती, एवढी एकी मी आळीत कधी पाहिली नव्हती. जवान होते ते दोन दिवसांत उठले. अक्काबाई तिसऱ्या दिवशी गेली.

तिला पोचवून परत येताना वाटेतच भिका थांबला. "त्या दिवशी तो पातेल्यावर वाकला होता," तो म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिलं." एवढंच. पुढचं गर्दीनं केलं. कडुनिंबाखालची भट्टी उकरली, भाता फाडला, नवसागराची पुडी सापडली तेव्हा तर मोठाच जल्लोष झाला. "ही बघा पूड!" तीस वर्षं ती पुडी त्याच फळीवर होती. खातूनबी दाराला आतून पाठ लावून बसली होती आणि दार हलत होतं. फौजदार आला म्हणून दार वाचलं. त्यानं इसाकला बेड्या घालून नेलं. "त्याच्याच भल्यासाठी," तो म्हणाला. मला तेही खरं वाटलं.

चौकशी मारुतीच्या पारावर झाली. मी पुढं झालो आणि सगळं सांगितलं. थाप माझी. बोलावलं मी. तो वाकला तो सावध करायला. कढी कळकली ती कल्हई होती म्हणून नव्हे, नव्हती म्हणून. एक शब्द वरचा घातला नाही, एक गाळला नाही. फौजदार लिहून घेत होता.

तेवढ्यात मागून भिकाचा आवाज आला. तो हसत नव्हता. डोळे लाल, डोक्यावरचे केस उतरवलेले. "साहेब, यांचं काय लिहिता? यांच्या घंगाळातून साधू पैठणाहून उलटा पोहत आलाय. विचारा कुणालाही."

पारावर हशा पिकला. दोन दिवस ओकून हडकलेली माणसं, पण हसली. फौजदारानं माझ्याकडे पाहिलं. "खरं का, आबा?"

काय सांगू? साठ वर्षं मी ते खरंच म्हणत आलो होतो.

त्यानं वही मिटली.

दोन महिन्यांनी इसाक सुटला. सरकारी डॉक्टरांनी कढी तपासली होती, तिच्यात तांबं निघालं, विष नाही. पण तो कागद इंग्रजीत होता आणि कचेरीत होता. आळीत तो कधी आला नाही. इसाक आला तो सामान न्यायला. इगतपुरीला रेल्वेच्या वस्तीत काम मिळेल म्हणाला. मी टांग्यापर्यंत गेलो. खातूनबीनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"इसाक, मी खरं ते सांगितलं होतं रे. सगळं."

"कळलं मला," तो फाटका भाता मांडीवर घेत म्हणाला. "तिथंच चुकलात, दादा. मारुती स्वप्नात आला आणि म्हणाला, इसाकला सोडा, असं ठोकून दिलं असतंत तर त्याच संध्याकाळी सोडलं असतं त्यांनी मला. आयुष्यभर थापा मारल्या, आणि माझ्या वेळेलाच..."

टांगा हलला. तो चिडला नव्हता, हे मला जास्त लागलं.

आळीला आता कल्हईवाला नाही. गरजही नाही. रंगनाथच्या दुकानात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी आली आहेत. हलकी, स्वस्त, कल्हई नको, काही नको. स्वदेशीच्या सभा घेणारं मंडळ आता जर्मनच्या पातेल्यातला चहा पितं आणि तांबटांच्या हातोड्या खुंटीला टांगलेल्या आहेत. कडुनिंबाखाली मंडळाचा फलक उभा आहे.

गेल्या पंधरवड्यात भिका आला. काखेत त्याच्या आईचं पातेलं. ओट्यावर ठेवलं आणि शेजारी बसला.

"यात कढी केली तर कळकेल का, आबा?"

मी आत पाहिलं. पांढरंशुभ्र. "नाही. इसाकचा हात आहे हा. तुझ्या आईनं भर दुपारी नेऊन करून घेतली होती."

"खरं सांगता?"

माझ्या उभ्या आयुष्यात मला हे विचारणारा हा दुसरा माणूस. "खरं."

त्याची मान खालीच होती. "मग तेव्हा नीट का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं, भिका. तूच साधूची गोष्ट काढलीस."

तो उठला. पातेलं उचललं नाही. मी हाक मारली तरी मागं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मालनबाई म्हणाली, भिकानंही जर्मनचं घेतलं.

पातेलं माझ्याकडेच आहे. मी त्यात कधी भात करायला लावतो, कधी पिठलं. पण कल्हई वापरानं झिजते, इसाकची झाली म्हणून काय झालं. काल तळाशी टिकलीएवढा पिवळा ठिपका दिसला. मालनबाईला सांगून ठेवलं आहे, यात आता आंबट काही करू नकोस.