एक कड मोकळी

मी एक जुना, कापडावर डकवलेला भिंतीवरचा नकाशा आहे. हसू नका मित्रांनो! अंगावर ठिगळं असली तरी काल भरल्या सभागृहात टाळ्या पडल्या, त्या माझ्यासाठी. थोड्या बाईंसाठीही असतील म्हणा.

छापखान्यातून निघालो तेव्हा माझ्यावर एक नदी होती, तिचे दोन काठ होते आणि मागे डोंगर. त्या मुलखात चार भाषा आणि दहा-बारा जमाती नांदत. म्हणजे कधी नांदत, कधी भांडत. राज्य बदललं की गावांची नावं बदलत आणि वरून हुकूम येई, नकाशे दुरुस्त करा! इतरांनी जुने नकाशे रद्दीत घातले. आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंनी मला टाकलं नाही. त्या नव्या नावाची कागदी पट्टी कापत, तिच्या फक्त वरच्या कडेला कणकेची खळ लावत आणि ती जुन्या पट्टीवर चिकटवत. बोटाने उचललं की खालचं नाव दिसे. चाळीस वर्षांत एकेका गावावर पाच-पाच पट्ट्या चढल्या. मुलं त्या उचलून बघायला रांग लावत. तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

मग बाई निवृत्त झाल्या आणि मी कपाटावर पडलो. पाच वर्षं कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. खरं सांगतो, फार वाईट वाटायचं.

आणि परवा बातमी आली, बाईंचं व्याख्यान! विषय माझाच मुलूख, मागची शंभर वर्षं! दोन्ही काठांवरून उठून या शहरात आलेली माणसं पहिल्यांदाच एका छपराखाली बसणार होती. शिपाईकाकांनी मला पुसलं. पण लोंबत्या पट्ट्या पाहून ते म्हणाले, "पाहुण्यांसमोर असल्या चिंध्या? छे!" आणि मायेनेच त्यांनी एकेक पट्टी चारी बाजूंनी गच्च डकवून टाकली. मी ओरडणार कसा?

व्याख्यान रंगात आलं आणि एक म्हातारे नावाडी उठले. "बाई, आमच्या नदीकाठच्या छोट्या गावाचं खरं नाव सांगा. हे वर लिहिलंय ते नव्हे."

पलीकडून विणकाम करणाऱ्या एक आजी कडाडल्या, "तुमचं गाव? आमचं म्हणा! नावही आमच्याच भाषेतलं."

आवाज चढले, खुर्च्या सरकल्या. काही जण दाराकडे निघालेसुद्धा. बाईंनी पट्टी उचलायला बोट लावलं. हलेना! ओढावी तर खालची नावं फाटणार.

शिपाईकाकांचा चेहरा उतरला. "माझाच शहाणपणा, बाई. पण खळ घरचीच आहे, वाफेने सुटेल." ते धावत गेले आणि चहाची उकळती किटली घेऊन आले.

किटलीची वाफ त्या गावावर धरली. सगळे माना उंचावून बघू लागले. एक पट्टी सुटली, दुसरी सुटली. तिसरीखाली नावाड्यांच्या भाषेतलं गावाचं नाव! "बघा!" ते ओरडले. चौथीखाली आजींच्या भाषेतलं! "आता बोला!" पाचवीही निघाली आणि माझं मूळचं अंग उघडं पडलं. तिथे नावच नव्हतं. फक्त एक निळा ठिपका आणि शेजारी छोटी होडी.

"होडीचा धक्का," बाई म्हणाल्या. "गाव नंतर वसलं."

नावाडी पुढे आले. "हा तर माझ्या बापाचा धक्का."

आजी एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "गाव पेटलं त्या दिवशी एका नावाड्याने आम्हाला पार नेलं. बाळ होतं माझ्या कडेवर. त्या नावाड्याचा डावा कान तुटका होता."

नावाड्यांनी ठिपक्यावर हात ठेवला. "माझाच बाप तो."

आजींनी शेजारची खुर्ची ओढली. "मग उभे का? बसा की इथे."

दाराकडे निघालेले परत फिरले आणि त्या टाळ्या पडल्या. मी आनंदाने नुसता फडफडत होतो.

आज काकांनी सगळ्या पट्ट्या पुन्हा लावल्या, बाई लावत तशाच. मित्रांनो, मला आता कपाटावर टाकू नका. उद्या नवं नाव आलं तर तेही खुशाल चिकटवा. पण एक कड मोकळी ठेवा.