सात सकाळींचे चाचणीपत्रक

"अंगठा तिथं नाही काका, इथं. आणि बरणी फिरवायची नाही, दांडा ओढायचा. स्वतःकडे."

नमुनेकारांनी दांडा स्वतःकडे ओढला. सायकलच्या जुन्या ट्यूबचा फास झाकणाच्या कडेला आवळला गेला, लाकूड किंचित कुरकुरले, आणि कॉफीच्या बरणीचे झाकण, आपण कधी कुणाला अडवलेच नव्हते अशा थाटात, फिरले.

"जमलं! एका हातानं!" समोरच्या बिऱ्हाडातली चौदा वर्षांची मुलगी ओट्यावरून खाली उडी मारत म्हणाली. "आता आईला उठवायला नको."

"उठवायला? तुझी आई तर जागीच असते."

"जागी कसली! आठला ड्यूटीवरून येते, आंघोळ करते, पाठ टेकते न टेकते तोच तुमची घंटा. मी म्हणते, काकांना सांग ना. तर म्हणते, जाऊ दे गं, दोन मिनिटांचं तर काम."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती आपल्या वस्तूची उपयुक्तता सांगत होती, आणि ती अशीच नेमकी सांगावी हे तिला नमुनेकारांनीच शिकवले होते.

एका घरगुती भांड्यांच्या कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षे नमुने घडवले होते. कागदावरची वस्तू आधी लाकडात किंवा मातीत उतरवायची आणि हातात धरून पाहायची, हे त्यांचे काम. या बरणीच्या झाकणाचा पहिला नमुनाही त्यांचाच. निवृत्त झाल्यावर, आणि त्यानंतर वर्षभरात पत्नी गेल्यावर, ते दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मुलांना वस्तू घडवायला शिकवू लागले. पहिल्याच दिवशी तेच झाकण टेबलावर ठेवून ते म्हणाले होते, "मालक म्हणाले, गळता कामा नये. नाही गळत. उघडताही आलं पाहिजे, असं कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तेव्हा माझी बोटं धडधाकट होती ना!" मुले हसली होती.

शोध म्हणजे कल्पनेची भरारी, असे मुलांना वाटते. मोठ्यांनाही तसेच वाटते, आणि दोघेही चुकतात, असे नमुनेकारांचे ठाम मत होते. शोध म्हणजे आधी पाहणे. म्हणून प्रत्येकाने एक माणूस निवडायचा, त्याच्याजवळ तासभर गप्प बसायचे, आणि तो काय म्हणतो ते नव्हे, तर काय करतो ते शाईने लिहायचे. पेन्सिल वर्ज्य, कारण पेन्सिलीने लिहिलेले सोयीनुसार खोडता येते. वस्तू तयार झाली की ती सात दिवस त्या माणसाकडे राही, आणि चाचणीपत्रक त्याने स्वतः, त्याच नियमाने, भरायचे असे.

मुलीने नमुनेकारांनाच निवडले होते. वर्गात ती त्यांना सर म्हणे, जिन्यात काका. ते तिला दोन्हीकडे शंकासुर म्हणत.

ती गेल्यावर सात रकान्यांचे पत्रक ओट्यावर राहिले.

रोज सकाळी साडेआठच्या सुमारास समोरचा नळ बंद झाल्याचे भिंतीतून ऐकू आले, की नमुनेकार बरणी घेऊन निघत. आता सिस्टर, म्हणजे मुलीची आई, मोकळ्या झाल्या, असा त्यांचा अंदाज. "या काका, कुठं आहे तुमचा शत्रू?" असे म्हणत परिचारिका दारातच झाकण फिरवून देई. "कशी गेली रात्रपाळी?" असे ते विचारत, आणि ती सांगे: कुणा आजोबांनी रात्रभर कंगवा मागितला, कुणाची सून शेवटी भेटायला आली. दोन मिनिटे, फार तर चार. त्यानंतर दिवसभर नमुनेकारांना स्वतःच्या आवाजाची गरज पडत नसे. उभा जन्म लोकांचे हात पाहण्यात घालवलेल्या या माणसाला, दार उघडणाऱ्या बाईचे डोळे मिटू पाहत आहेत, हे एकदाही दिसले नव्हते.

पहिल्या सकाळी नळ बंद झाला. त्यांनी दांडा ओढला, कॉफी केली आणि लिहिले, "उघडली. मदत लागली नाही." दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी ते भानावर आले तेव्हा बरणी घेऊन समोरच्या दाराशी उभे होते आणि घंटेकडे गेलेला हात हवेतच होता. आत सामसूम होती. ते परत फिरले.

हे लिहिण्याचे वास्तविक काही कारण नव्हते. घंटा वाजली नव्हती, मदत मागितली नव्हती; नुसते "उघडली" लिहिले असते तरी त्यात असत्याचा लवलेश नसता. पण जे खोटे नाही ते सगळे खरेच असते काय, हा वाद ते कॉफी निवेपर्यंत स्वतःशी घालत बसले, आणि हरले. त्यांनी लिहिले, "बरणी घेऊन समोरच्या दाराशी गेलो. घंटा वाजवली नाही. परत येऊन उघडली." चौथ्या आणि सहाव्या रकान्यात तेच वाक्य पुन्हा आले.

सातव्या दिवशी, रविवारी, वर्ग सुटल्यावर मुलीने पत्रक वाचले.

"सर, दांडा अडकत होता का?"

"छे! दांडा उत्तम आहे."

"मग दाराशी कशाला गेलात?"

"सवय गं."

"सवय हे उत्तर नाही, असं तुम्हीच म्हणता. तिच्या मागं काय आहे ते शोधा, म्हणता." तिने वही उघडली. "हे बघा, मी त्या तासात लिहिलंय. 'झाकण स्वतःच लावतात. आवळतात. मग तळहातानं पुन्हा आवळतात.' ज्याला उघडत नाही, तो एवढं घट्ट कशाला लावतो? मी तेव्हाच विचारायला हवं होतं ना?"

"हवं होतं."

"मग आता विचारते."

नमुनेकारांनी झाडू घेतला आणि ते टेबलाखालचा भुसा गोळा करू लागले. "सैल लावलं असतं," ते खाली पाहतच म्हणाले, "तर तुमच्याकडं यायला कारण राहिलं नसतं."

मुलगी बराच वेळ दांडा हातात फिरवत राहिली.

"म्हणजे माझी वस्तू चुकली."

"मुळीच नाही. आईची झोप होते ना आता?"

"होते. अगदी दुपारपर्यंत."

"मग झालं तर."

"झालं काय? तुमचं राहिलंच की." तिने वही मिटली. "पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर पत्रक वाचायचंय. आईपण येणारे. त्या तीन ओळी गाळू?"

गाळ, असे म्हणावे असे नमुनेकारांना अगदी मनापासून वाटले. एवढ्या पालकांत, आणि त्यातही त्या एका बाईसमोर, आपले हे कारण उघडे पडणार, या विचाराने त्यांचे कान तापले. त्यांनी भुसा सुपलीत भरला, टोपलीत टाकला आणि सुपली नीट भिंतीला टेकवून ठेवली.

"शाईनं लिहिलंय," ते म्हणाले. "वाच."

पुढच्या रविवारी परिचारिका ड्यूटीवरून परस्परच, गणवेशात, वाचनालयात आली आणि शेवटच्या रांगेत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"काका, हल्ली दिसत नाही तुम्ही. शत्रू शरण आला वाटतं!"

"तुमच्या लेकीनं आणला."

"गुणाची आहे हो. नुसती प्रश्न विचारून डोकं खाते, एवढंच."

पुढे मुलीचे नाव पुकारले गेले. तिने दांडा दाखवला, झाकण उघडून दाखवले, आणि पत्रक पहिल्या रकान्यापासून वाचायला घेतले. तिसरा रकाना आला तेव्हा तिचा आवाज किंचित खाली गेला. पण तिने शब्द बदलला नाही. चौथा. सहावा. मग तिने कागद मिटला.

"ही वस्तू झाकण उघडते," ती म्हणाली. "पण वापरणाऱ्याची अडचण झाकणाची नव्हती. ती मला उशिरा दिसली. तिच्यावर अजून काम व्हायचंय."

खोलीत कुणीतरी खाकरले. नमुनेकार बूट न्याहाळत होते. शेवटी जे काय असेल ते पाहून घ्यावे म्हणून त्यांनी मान वळवली.

परिचारिकेचे डोके मागच्या भिंतीला टेकले होते. तोंड किंचित उघडे होते, श्वास संथ चालला होता. ती कोणत्या रकान्यापाशी झोपली, की पत्रक सुरू होण्याआधीच, हे कळायला मार्ग नव्हता. तिच्या मांडीवरची पिशवी घसरत कडेला आली होती. आतला डबा आणि किल्ल्या पिशवीसकट फरशीवर पडल्या असत्या. नमुनेकारांनी हात पुढे करून पिशवीचा बंद आपल्या वाकड्या बोटांत धरला.

अजून चार मुले वाचायची होती. तेवढा वेळ त्यांनी ती तशीच, अधांतरी, धरून ठेवली.