पाहुणीची पावती

कंग्राळीच्या जयाबाई हट्टी आहेत असं गावात सगळेच म्हणतात, फक्त त्यांच्या पाठीमागे म्हणतात. त्या मंगळवारी सून माधवीनं बँकेत रजा टाकली आणि सासूला गाडीत घालून त्यांच्या माहेरी निघाली, तेव्हा जयाबाईंचा नवरा भरमू दारातून एवढंच म्हणाला, "कुणासंगं भांडू नको." जयाबाईंनी मान डोलावली. मान डोलवायला त्यांचं काय जात होतं?

माहेर म्हणायला तिथं आता पाणीच होतं. धरण झालं, मळाईवाडी बुडाली, माणसं काठावरच्या वसाहतीत आली. गावची टेकडी आणि तिच्यावरचं मळाईचं देऊळ तेवढं वर राहिलं, त्याचं बेट झालं. पुढं कुणीतरी बेटाचे फोटो मोबाईलवर टाकले आणि बेळगाव-निपाणीची तरणी पोरं होडीत बसून सेल्फी काढायला येऊ लागली. आईबाप गेल्यापासून जयाबाईंचं येणं सुटलं होतं. पण गुडघे पार जायच्या आधी एकदा मळाईची ओटी भरायची, आणि ती लेकीच्या नात्यानं भरायची, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

धक्क्यावर फलक होता, वर कन्नड, खाली मराठी. बेटावर जाणाऱ्या पर्यटकांना माणशी पन्नास रुपये कर, स्थानिकांना माफ. शेजारी खुर्चीत एक तरणा पोरगा, गळ्यात बेट समितीचं कार्ड.

"आमाला लागू न्हाय ते," जयाबाई म्हणाल्या. "मी हितलीच."

"आधार कार्ड दाखवा, आज्जी."

त्यांनी दाखवलं. त्यावर कंग्राळी होतं आणि नवऱ्याचं नाव होतं.

"हे कंग्राळीचं हाय की. मग तुम्ही पर्यटक."

"लगीन झालेल्या लेकीच्या कार्डावर माहेर कसं असंल रं? कुणाचा तू?"

"यमनाप्पाचा नातू, विक्रम. नियम आमच्या आज्ज्यानंच केलाय. तोच अध्यक्ष हाय."

यमनाप्पा म्हणजे जयाबाईंचा चुलतभाऊ. पोहायला येईना म्हणून लहानपणी त्याला विहिरीत ढकलणाऱ्या जयाबाईच. त्या नातं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मोबाईलवरून पैसे आले की बोलणारी खुर्चीजवळची डबी कन्नडमधून खणखणीत बोलली, शंभर रुपये मिळाले म्हणून. मागची रांग कुरकुरायला लागली होती, तेव्हा माधवीनं गुपचूप मोबाईलवरून दोघींचा कर भरून टाकला होता. विक्रमनं पावती फाडून जयाबाईंच्या हातात ठेवली.

जयाबाईंच्या ते जिव्हारी लागलं. ज्या मातीत त्या रांगल्या, तिथंच पन्नास रुपयांत त्यांना परकं करून टाकलं होतं.

"पैसे परत दे."

"भरलेला कर परत मिळत न्हाय, आज्जी."

"बरं," जयाबाई इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की माधवीला सासऱ्यांचं बोलणं आठवलं. "होडी ऱ्हाऊ दे. आधी तुझ्या घरला जाऊन येतो."

वसाहतीत यमनाप्पाची बायको सोनाबाई दारातच होती. "अगं बाई, वन्सं! या, आत या."

माहेरची लेक म्हणजे चपला काढायच्या आधी स्वयंपाकघरात शिरणार, भांड्यावरची झाकणं उचलून बघणार आणि वर नावं ठेवणार. जयाबाई मात्र सोप्यातल्या खुर्चीच्या कडेला बसल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बाहेरच बरी. पाहुण्यांनी आत येऊ नये."

सोनाबाईला वाटलं, थट्टा चाललीय. तिनं पाणी आणलं. "कशाला तरास घेताय?" जयाबाईंनी तांब्याला हात लावला नाही. चहा? नुकताच झालाय. जेवण? पुढच्या खेपेला बघू, तुम्ही बसा. जन्मभर जिला 'अगं सोने' म्हटलं, तिला जयाबाई 'तुम्ही' म्हणत होत्या. सोनाबाईचा चेहरा उतरला. तोवर शेजारच्या बायका दारात जमल्या होत्या. लेक पाणी न पिता उठली तर गल्ली महिनाभर त्याच घराचं बोलते.

"वन्सं, काय चुकलं आमचं?"

"चुकलं कुटं? पाहुणी हाय मी. पावती हाय माझ्याजवळ."

शेजारच्या गुणाबाईनं पावती हातात घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली, "पर्यटक, दोन."

सोनाबाईनं पदर खोचला. आत गेली आणि जयाबाईंचा आवाज ऐकल्यापासून चादर ओढून पडलेल्या नवऱ्याला हाताला धरून बाहेर घेऊन आली.

"नमस्कार, अध्यक्षसाहेब," जयाबाई म्हणाल्या.

"जया, तसं न्हवं गं. नियम पर्यटकांसाठी हाय."

"आमची मनिषा निपाणीला दिलीया," सोनाबाई नवऱ्याकडं बघत म्हणाली. "तिच्या कार्डावर निपाणी हाय. दिवाळीला आली की तिची पण पावती फाडणार काय?"

 यमनाप्पानं खिशातून शंभर रुपये काढून जयाबाईंच्या पुढं धरले. दोन पन्नासच्या नोटा होत्या. जयाबाईंनी एक घेतली, एक परत केली.

"ही माधवीची. तिचं माहेर लोंढ्याला हाय, ती पर्यटक."

माधवीसकट सगळ्या हसल्या. जयाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, तडक आत गेल्या, झाकण उचललं, बोटानं चाखलं. "सोने, आमटीत मीठ घालायला इसरलीस काय गं?"

सोनाबाईनं पदरानं डोळे पुसले. "व्हय, इसरलो," ती म्हणाली. आमटीत मीठ बेताचं होतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

जेवणं झाली, सोनाबाईनं नणंदेची खणा-नारळानं ओटी भरली आणि विक्रमला होडी काढायला लावलं. देवळात जयाबाईंनी मळाईची ओटी भरली. "आलतो गं," एवढंच म्हणाल्या आणि रडल्या. चांगल्या मनसोक्त रडल्या.

परत धक्क्यावर उतरताना त्यांनी ती पन्नासची नोट विक्रमच्या मुठीत कोंबली. "खाऊला घे."

सवयीनं त्याचा हात पावतीपुस्तकाकडं गेला.

"फाडून तर बघ," जयाबाई म्हणाल्या.