खालच्या पातळीचा अभ्यासक्रम

सुकेळं बोटाला चिकटलं, ते सोडवायला गेली तर त्याचा तपकिरी धागा दुसऱ्या बोटावर आला... पूर्वीने हात तसाच धरून ठेवला. समोर आई उन्हात वाळलेली राजेळी केळी पानात गुंडाळत होती, एकेक, घट्ट, मेलबर्नमधल्या तिच्या मैत्रिणींसाठी. ‘तिकडे विमानतळावर काढून घेतात गं,’ हे पूर्वीने आईला सांगितलं होतं. आपल्यालाच आता तिकडे घेतील की नाही, हे सांगितलं नव्हतं.

मंगळवारी फोनवर व्हिसा कार्यालयाची नोटीस आली होती. विद्यापीठातलं मास्टर्स सोडून तिने लहान मुलं सांभाळण्याच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला, म्हणजे व्हिसा ज्या पातळीच्या शिक्षणासाठी दिला होता त्याच्या खाली ती उतरली, अट मोडली. व्हिसा रद्द का करू नये ते सोमवारपर्यंत कळवा. खालच्या पातळीवर... पण तिने एकही वर्ग बुडवला नव्हता. कॉलेज सोडून कुठे कामाला लागली असती तर गोष्ट वेगळी. रोज बस पकडून वर्गात जाऊन बसणारी मुलगी अट मोडते ती नेमकी कधी — बसमध्ये? सही करताना?

उत्तर तसं तयार होतं. सल्लागाराने सांगितलं, मला माहीत नव्हतं. फक्त सल्लागार म्हणजे इथल्याच एव्हरशाईन सिटीतल्या, परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सीत बसणारी तेजस्वी होती, आणि रविवारी तेजस्वीचा साखरपुडा होता — पूर्वीच्या भावाशी, केयूरशी. त्यासाठीच तर ती मेलबर्नहून आली होती.

“काय नणंदबाई, माझ्या आधीच तोंड गोड?” तेजस्वी दारात चप्पल काढत म्हणाली. ब्लाउजचं माप द्यायला आली होती.

“खाऊ दे तिला,” आई उठली. “ती चाललीय. तू काय, जन्मभर इथेच आहेस. बस, चहा टाकते.”

आई आत गेल्यावर पूर्वीने फोन पुढे केला. तेजस्वीने वाचलं, पुन्हा वर जाऊन वाचलं. तिचा चेहरा उतरला.

“माझं नाव लिही.”

“म्हणजे?”

“मी सांगितलं म्हणून केलंस, असं लिही. जॉब गेला तर जाईल. दुसरा शोधेन.”

“पण तूच सांगितलं होतंस ना?”

तेजस्वीने फोन परत दिला. “मी म्हटलं होतं, थांब, सरांना विचारते. तू म्हणालीस, विचारू नकोस, मी डिप्लोमाला नाव घातलंय.”

असं म्हणाले मी?... ट्रामच्या थांब्यावर उभी होते, वारा होता, कानाला फोन — इतके दिवस त्या फोनमध्ये तेजस्वीचा आवाज म्हणत होता, काही होत नाही, बदल. आता तोच आवाज, त्याच वाऱ्यात, थांब म्हणत होता, आणि दोन्ही वाक्यं त्या संध्याकाळच्या आठवणीत सारखीच बसत होती. यातलं कोणतं तिने ऐकलं आणि कोणतं नंतर, इथे अंथरुणावर पडल्या पडल्या, तयार केलं? एक मात्र नक्की आठवत होतं. फोन ठेवल्यावर तिने गरम चिप्सचा पुडा घेतला होता आणि उभ्याउभ्या सगळा संपवला होता, इतकी भूक तिला त्या शहरात त्याआधी कधी लागली नव्हती. मास्टर्स बाबांनी ठरवलं होतं, शहर तिथे राहणाऱ्या आतेभावामुळे ठरलं. आणि डिप्लोमा...

“लिहिशील ना?” तेजस्वीने हलक्या आवाजात विचारलं. आतून कपांचा आवाज आला.

“बघते.”

व्हिसा वाचवायचा तर लिहायला हवं होतं की तो निर्णय माझा नव्हता. कालपर्यंत हे वाक्य सोयीचं वाटत होतं. आता समोर बसलेली तेजस्वी ते सगळं स्वतःवर घ्यायला निघाली होती, चांगुलपणाने, नोकरीवर पाणी सोडून... आणि पूर्वीला कृतज्ञता वाटायला हवी होती, लाज तरी. तिला वाटला तो मत्सर. आपण आजवर स्वतः ठरवून केलेली एकुलती एक गोष्ट ही मुलगी स्वतःच्या नावावर करून घेतेय, असा.